अडतीस बाण आणि एक न पाहिलेले छत

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण हसतात. माझे डोके लिंबाएवढे आणि दांडा मात्र हातभर लांब. "ही काय खिळा ठोकणार?" असे ते म्हणतात. त्यांचे खरे आहे. खिळा ठोकणे हे माझे कामच नाही. मी भिंतीवर हलकेच टकटक करते आणि भिंत आतून काय उत्तर देते ते ऐकते. लोक घर विकत घेण्याआधी ते तपासून देणारा एक माणूस आहे. त्याची मी हातोडी आहे.

माझा जन्म काही मोठ्या थाटात झाला नाही. एका लोहाराकडे गाडीच्या मोडक्या आसाचा तुकडा उरला होता. वाया का घालवायचा, म्हणून त्याने मला घडवले. माझा मालक तेव्हा गवंडी होता. तो छिन्न्यांना धार लावून घ्यायला आला, तेव्हा लोहाराने मला वरून फुकट दिले. फुकट आलेल्या वस्तूला मान कमी असतो. पहिली दोन वर्षे मी विटा तासल्या, सिमेंटची वाळलेली ढेकळे फोडली आणि संध्याकाळी घमेल्यात पडून राहिले.

एकदा मालकाने नव्या गिलाव्यावर मला सहज दोनदा टेकवले. एका जागी "टण" असा आवाज आला. वीतभर पुढे "ढब" असा आला. मालक थांबला. त्याने गिलावा उकरून पाहिला, तर आत पोकळी होती. गिलावा विटेला चिकटलाच नव्हता, नुसता रुसून उभा होता. त्या दिवसापासून मालक दुसऱ्यांच्या भिंतीही वाजवून पाहू लागला. आधी ओळखीचे लोक बोलावू लागले, मग अनोळखी. एका दवाखान्याच्या जिन्याखालचा पोकळ भाग आम्ही वेळेवर ओळखला, तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः मला हातात घेऊन बघत होत्या. त्या संध्याकाळी मालकाने माझ्या दांड्याला तेल लावले. मला अजून आठवते.

पण लोकांना नुसते तोंडी सांगणे पुरत नाही. त्यांना कागद लागतो, आणि माझ्या मालकाला लिहिता येत नव्हते. चाळिशी उलटल्यावर तो प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागला. घरी सराव करताना पंख्याने वहीची पाने उडत, म्हणून तो मला वहीवर ठेवी. तो एकेक अक्षर गिरवी आणि मी ते तिथूनच वाची. अशी आम्हा दोघांना अक्षरे उशिराच भेटली. ज्याला ती उशिरा भेटतात, तो ती उधळत नाही. माझा मालक अहवालात तेवढेच लिहितो, जेवढे त्याने डोळ्यांनी पाहिले किंवा माझ्याकडून ऐकले. अंदाज लिहीत नाही. घाबरवत नाही आणि धीरही देत नाही. हा त्याचा गुण आहे. कधी कधी हीच त्याची खोडही ठरते, ते पुढे कळेल.

मधली काही वर्षे माझी वाईट गेली. मालकाने ओल दाखवणारे पडद्याचे यंत्र घेतले आणि मी पेटीच्या तळाशी गेले. वर पक्कड, पाने, जुना टेप यांचा ढीग. माझ्या डोक्यावर गंज चढला. पण यंत्राला ओल दिसते, पोकळी ऐकू येत नाही, हे मालकाला पुन्हा पटले. त्याने मला घासून पुसून वर काढले. त्याच वेळी त्याने एक नवी रीत पाडली. अहवालाबरोबर तो गिऱ्हाइकाला मलाही दोन-चार दिवस देऊ लागला. तो म्हणे, "कागदावर विश्वास बसत नसेल तर स्वतः जाऊन ठोकून बघा. घर तुमचं, कान तुमचे."

या रीतीमुळेच मी एका घरातल्या तीन माणसांकडे राहायला गेले.

नवरा शाळेची बस चालवत असे. बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. तिसरी नवऱ्याची आई. बारा वर्षे ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले होते. सासूबाई स्वयंपाकघरात झोपत, आणि पहाटे चहा करायला उठलेल्या सुनेचा पाय रोज त्यांच्या अंथरुणात अडके. आता त्यांनी एक घर पसंत केले होते. इमारतीचा सर्वात वरचा मजला, त्याच्यावर गच्ची. मागच्या बाजूला एक लहान खोली होती, ती सासूबाईंसाठी. शनिवारी दुपारी चार वाजता खरेदीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. एकदा सही झाली की घर जसे असेल तसे त्यांचे. मग तक्रारीला जागा नाही.

बुधवारी मालकाने आणि मी ते घर तपासले होते. विकणारे गृहस्थ चष्म्याचे दुकानदार होते, ते अजून तिथेच राहत होते. घर तसे चांगले. भिंती बहुतेक टणटणीत. मागच्या खोलीत मात्र एक लाकडी कपाट होते. भिंतीएवढे रुंद, आणि त्याच्यावर गाद्या, गाठोडी, पत्र्याच्या ट्रंका अशा रचलेल्या, शेजारच्या पलंगाच्या उशापर्यंत पुढे आलेल्या, की तिथले छत दिसतच नव्हते. मालक म्हणाला, "हे जरा हलवता येईल का?"

"छे हो," चष्मेवाले म्हणाले. "ते हलवायचं तर चार माणसं लागतील. आमच्या वडिलांनी ठेवलंय, तेव्हापासून तिथंच आहे. काही नाही हो तिथं."

मालकाने स्टूल घेतले, गाठोड्यांवरून हात लांब केला आणि मला जेमतेम छताच्या कडेला टेकवले. मला काहीतरी ऐकू आले. ते "टण" नव्हते. पण "ढब" होते असेही शपथेवर सांगता येईना, कारण गादीने अर्धा आवाज गिळला होता. मालकाने मान तिरपी केली. पुन्हा हात लांब केला, पोचला नाही. तो खाली उतरला आणि वहीत काहीतरी लिहिले. माझ्या कानात मात्र तो अर्धा आवाज राहिला, तो तेव्हापासून.

गुरुवारी संध्याकाळी नवरा-बायको अहवाल न्यायला आले. मालकाला त्याच रात्रीच्या गाडीने परगावी कामाला जायचे होते. तो म्हणाला, "पूर्ण वाचा. शेवटच्या पानापर्यंत. आणि ही हातोडी घेऊन जा. सोमवारी मी आलो की परत द्या."

नवरा हसला. "आम्ही ठोकल्यावर भिंत पडली तर?"

"तुमच्या हातानं पडली तर मला फोन करून आभार माना."

आणि मालक गाडी पकडायला निघून गेला. 'शेवटच्या पानापर्यंत' एवढेच म्हणाला. मला वाटले, अरे बाबा, थांब, ते पान यांना उघडून दाखव. पण त्याला वाटते, लिहिले म्हणजे सांगितले.

घरी पोचताच सासूबाईंनी मला पाहिले. "कागद आणायला गेला होतात की सुताराचं दुकान लुटायला?"

"अगं आई, घर वाजवून बघायला दिलीय."

"वाजवून? मडकं आहे का ते?"

जेवणे उरकली आणि सुनेने अहवाल समोर घेतला. आता तिच्या कामाची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच पद्धतीमुळे घडले. कारखान्यात तिच्या टेबलावर दिवसाला शेकडो सदरे येत. जिथे टाका सुटलेला, डाग पडलेला, बटण तिरपे, तिथे ती बोटाच्या पेराएवढा लाल कागदी बाण चिकटवी. बाण लागलेला सदरा परत शिवायला जाई. बाण नसलेला सदरा घडी होऊन खोक्यात जाई. चौदा वर्षे तिने हेच केले होते. तिची नजर चुका पकडण्यात तरबेज होती. त्या संध्याकाळी तिने पर्समधून बाणांची पट्टी काढली आणि अहवालाचा सदरा तपासायला घेतला.

"दाराची बिजागरी सैल." एक बाण. "बेसिनचा नळ ठिबकतो." दुसरा बाण. "गिलाव्यावर केसाएवढे तडे." तिसरा, चौथा, पाचवा.

बाण वाढत गेले तसा नवऱ्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने मोजले. अडतीस.

"अडतीस!" नवरा उठूनच बसला. "हे घर आहे की भंगाराचं दुकान? नको आपल्याला."

"अहो, ओरडू नका. आई घाबरतील."

"मी कशाला घाबरू?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या अंगात बघितलंस तर चाळीस निघतील. तरी चालतेय ना मी?"

मित्रांनो, सासूबाई थट्टेत बोलल्या, पण अहवाल वाचायची पहिली गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली. दोष किती आहेत हे मोजून घर कळत नाही. मालकाने प्रत्येक दोषापुढे लिहिले होते. कुठे 'माहितीसाठी', कुठे 'लक्ष ठेवा', आणि एकाच ठिकाणी 'लगेच दुरुस्त करा'. न्हाणीघरातल्या पाणी तापवण्याच्या यंत्राला जमिनीशी जोडणारी तार नव्हती, विजेचा झटका बसू शकला असता. ती एक गोष्ट बाकीच्या सदतिसांवर भारी होती. गिलाव्यावरचे केसाएवढे तडे म्हणजे नुसत्या म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या. पण लाल बाण सगळ्यांना एकाच मापाचा होता. कुरकुरणारी बिजागरी आणि जीव घेणारी तार, दोघांच्या अंगावर सारखाच बाण.

सुनेला हे हळूहळू उमगले. तिने पुन्हा वाचले आणि म्हणाली, "अहो, हे बघा. यातलं बरंचसं चिल्लर आहे. तार तेवढी आधी करून घेऊ. बाकीचं सावकाश." नवऱ्याच्या जिवात जीव आला.

मग ती शेवटच्या पानावर आली. त्यावर थोड्याच ओळी होत्या. तिची सरावलेली नजर वरून खाली गेली. 'तडा' नाही, 'गळती' नाही, 'गंज' नाही. बाण लावायला काहीच सापडले नाही. तिने अहवाल मिटला, पंख्याने उडू नये म्हणून मला वर ठेवले आणि दिवा मालवला.

मी त्या कागदांवर पडून होते. खालच्या ओळी मला पाठ होत्या, कारण त्या लिहितानाही मी तिथेच होते. 'न पाहिलेल्या जागा' असे वर शीर्षक. त्याखाली, 'मागची खोली, कपाटामागची भिंत आणि कपाटावरचे छत. सामान हलवता न आल्याने पाहता आले नाही. सामान काढून पुन्हा पाहावे.'

मला तोंड नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

शुक्रवारी दुपारी बसची फेरी संपवून नवरा, आणि अर्धी सुट्टी टाकून सून, दोघे त्या घरी गेले. बाणांच्या यादीप्रमाणे ते एकेक जागा वाजवू लागले. बैठकीच्या खोलीत "टण". स्वयंपाकघरात एका फरशीवर "ढब", पण ते अहवालात होतेच. सुनेचा हात चांगला होता, जोर न करता ती मला टेकवत होती. तासाभरात तिला दोन्ही आवाजांतला फरक असा कळू लागला, की नवऱ्याने मुद्दाम डोळे मिटायला लावले तरी ती चुकली नाही.

मग आम्ही मागच्या खोलीच्या दाराशी आलो. माझा दांडा तिच्या घामेजल्या हातात होता. दार लोटलेले होते. आत चष्मेवाल्यांची सहा वर्षांची मुलगी झोपली होती, उशी कपाटाकडे करून लावलेल्या छोट्या पलंगावर.

"नुकतीच झोपलीय हो," चष्मेवाल्यांची बायको हळू आवाजात म्हणाली.

सुनेने यादी पाहिली. "राहू दे. या खोलीत बाण नाहीच एकही."

तिने मला पिशवीत टाकले आणि चेन ओढली. बाहेर चष्मेवाले नवऱ्याला म्हणत होते, "मग दादा, उद्या चारला नक्की ना? मागे अजून एक पार्टी लागलीय, म्हणून विचारतो."

"नक्की नक्की," नवरा म्हणाला.

मी अंधारात पडून पायऱ्या मोजत होते. प्रत्येक पायरीबरोबर ते छत लांब जात होते. सह्यांना अजून एक दिवस उरला होता, आणि तो दिवस मला एकदम फार लहान वाटू लागला.

संध्याकाळी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "सगळं वाजवून झालं? माझ्या खोलीचं काय लिहिलंय त्यात?"

सून खुशीत होती. "आई, तुमच्या खोलीत एकही बाण नाही. अख्ख्या घरात सगळ्यात चांगली खोली तुमचीच!"

सासूबाईंचा हात थांबला. "एकही नाही?"

"एकही नाही."

"बैठकीच्या खोलीत किती?"

"नऊ."

"स्वयंपाकघरात?"

"अकरा."

"आणि मागच्या कोपऱ्यातल्या, गच्चीखालच्या, म्हातारीला काढून दिलेल्या खोलीत एकही नाही. माझं नशीब इतकं चांगलं कधीपासून झालं गं?"

नवरा हसला. "आई, चांगलं आहे म्हटलं तरी तुला पंचाईत!"

"हस. पण मला दाखव. 'खोली चांगली आहे' असं कुठं लिहिलंय, तिथं बोट ठेव."

सून अहवाल घेऊन बसली. पाने उलटू लागली. एक पान, दुसरे, तिसरे. बैठकीच्या खोलीचे पान होते, स्वयंपाकघराचे होते. मागच्या खोलीच्या पानावर दार, खिडकी, फरशी आणि तीनच भिंती. चौथी भिंत नव्हती, छतही अर्धेच. तिच्या कपाळावर आठी पडली. ती शेवटच्या पानावर आली आणि या वेळी तिने चुका शोधल्या नाहीत, नुसते वाचले. मोठ्याने वाचले. "सामान हलवता न आल्याने पाहता आले नाही."



"म्हणजे बरं की वाईट?" सासूबाईंनी विचारले.

"म्हणजे," नवरा चाचरला, "वाईट असं काही लिहिलेलं नाही ना."

"आणि चांगलं असं?"

"तेही नाही."

सून पांढरीफटक पडली होती. "अहो, आमच्या कारखान्यात एकदा असंच झालं होतं. एक गठ्ठा टेबलावर न येताच पुढे गेला. बाण नव्हता म्हणून सगळ्यांना वाटलं, तपासलाय. दोनशे सदरे उसवलेले गेले. आणि मी पुन्हा तेच केलं. बाण नाही म्हणजे चांगलं, असं धरून चालले."

तिने मालकाला फोन लावला. पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता, मालकाचा आवाज ओरडल्यासारखा येत होता. "ताई, न पाहिलेलं म्हणजे न पाहिलेलं! बरं असेल, वाईट असेल. मी तिथं 'बरं' लिहिलेलं नाही. कपाट काढा, हातोडी तुमच्याकडंच आहे. आणि ठोकताना खाली कुणाला उभं करू नका."

"काका, एवढं होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं," मालक म्हणाला. "लिहिलं म्हणजे झालं असं मला वाटतं. माझंच चुकलं."

शनिवारी सकाळी दहा वाजता तिघेही चष्मेवाल्यांच्या दारात उभी होती. त्यांचे म्हणणे ऐकताच चष्मेवाल्यांचा पारा चढला.

"अहो दादा, आज सह्या आहेत! काल तुम्ही नक्की म्हणालात. आता कपाट हलवा, उद्या म्हणाल भिंत हलवा!"

"कपाट हलवलं की लगेच जातो आम्ही," नवरा म्हणाला.

"नाही जमायचं. घ्यायचं तर घ्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे माझी."

नवऱ्याने बायकोकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते, हे घर हातचे गेले तर पुन्हा तीच दोन खोल्यांची वणवण. महिनाअखेरीला त्या खोल्याही खाली करायच्या होत्या. तो म्हणाला, "चल, जाऊ दे. नसेल काही तिथं."

"मी जात नाही," सून म्हणाली. "अहो, तिथं आईंचं डोकं असणार आहे. मी न बघता सही करणार नाही."

सासूबाई तोवर आत जाऊन बसल्याही होत्या. "बाळा," त्या चष्मेवाल्यांना म्हणाल्या, "गावाला चष्मे लावतोस, आणि आपल्या कपाटामागं काय आहे ते तुला बघवत नाही?"

"मावशी, तुम्ही मध्ये बोलू नका."

तेवढ्यात त्यांची बायको पदर खोचून पुढे आली. "हलवू या हो. लग्न होऊन आल्यापासून त्या कपाटामागं झाडलेलं नाही मी. यांच्या निमित्तानं माझं काम होईल."

चष्मेवाल्यांचा नाइलाज झाला. गाठोडी खाली आली, ट्रंका आल्या, गाद्या आल्या. शेवटची गादी उचलली तेव्हा तिची वरची बाजू काळी पडलेली आणि ओलसर दिसली. चौघांनी मिळून कपाट वीत-वीत सरकवले. वर छतावर तपकिरी डाग होता, आणि तो कपाटापुरता नव्हता. पुसट होत होत तो पलंगाच्या उशापर्यंत आला होता.

मुलगी पलंगावर बसून चित्र रंगवत होती. सुनेने स्टुलावर चढून मला उचलले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आधी त्या पोरीला उठवा."

"अहो मावशी, ती कुठं मध्ये येतेय?" चष्मेवाले म्हणाले. पण सासूबाईंनी मुलीला काखेत उचलून दाराबाहेर नेले. मुलगी रंगीत खडूसाठी हातपाय झाडत होती.

सुनेने दारापासून सुरुवात केली, जिथे छत चांगले होते. टण. टण. ती स्टूल सरकवत पुढे आली. टण. मग आवाज जरा जाड झाला. तिने श्वास रोखला. मीही रोखला असता. तिने मला पलंगाच्या उशावर, डागाच्या कडेला, अगदी अलगद टेकवले.

ढब.

दुसऱ्यांदा टेकवायची वेळच आली नाही. वरून माती भुरभुरली, करकर असा आवाज आला. नवऱ्याने बायकोला कमरेला धरून मागे ओढले. परातीएवढा सिमेंटचा थर सुटून खाली आला. थेट उशीवर. चित्राची वही त्याच्याखाली गेली. धुरळा बसला तेव्हा छतात उघड्या पडलेल्या सळया दिसल्या, गंजून फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. गच्चीवरचे पाणी वर्षानुवर्षे तिथे मुरत होते, आणि गाद्या-गाठोडी ते मुकाट्याने पीत होती.

चष्मेवाले जमिनीवर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "तीन वर्षं झोपतेय ती तिथं," ते म्हणाले. "रोज मीच पांघरूण घालतो."

त्यांच्या बायकोने मुलीला सासूबाईंकडून घेतले आणि इतके घट्ट धरले, की मुलगी म्हणाली, "आई, दुखतंय."

दुपारचे चार वाजले तेव्हा सह्यांच्या ठिकाणी कुणीच गेले नव्हते. दोन्ही घरची माणसे बैठकीच्या खोलीत चहा पीत बसली होती. कुणी कुणाला दोष देत नव्हते. चष्मेवाल्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हते. ते लपवत होते असे मला आधी वाटले होते. मित्रांनो, मी त्यांच्याबद्दल पोकळ ऐकले, आणि माझे चुकले.

पुढे दोन महिने गेले. चष्मेवाल्यांनी गच्ची उकरून नवी केली, सळया घासल्या, छत पुन्हा भरले. बसवाल्यांच्या घरमालकाने कुरकुर करत मुदत वाढवून दिली. मालक स्वतः परत आला आणि त्या छतावर तळहाताएवढे अंतर ठेवून मला टेकवत गेला. टण, टण, टण. मग त्याने नवा अहवाल लिहिला. त्यालाही शेवटचे पान होतेच. भिंतीच्या आतले नळ, फरशीखालची भर, असे काही कधीच पूर्ण पाहता येत नाही. पण या वेळी मालकाने ते पान सर्वांत वर लावले आणि मोठ्याने वाचून दाखवले. सुनेने प्रत्येक ओळीला प्रश्न विचारले. काहींची उत्तरे मिळाली. काहींची मिळाली नाहीत, तर तिने मान डोलावली आणि मग खरेदीच्या कागदांवर सही केली.

आता मी पुन्हा मालकाच्या पेटीत आहे, पण वरच्या कप्प्यात. दांडा नवा आहे, डोके जरा झिजले आहे. माझे ऐकणे अजून शाबूत आहे. माझे एवढेच मागणे आहे. कुणी तुमच्या हाती तपासणीचा कागद दिला, घराचा असो की दुसऱ्या कशाचा, तर त्यातले दोष मोजत बसू नका. कोणता दोष मोठा आणि कोणता लहान, ते विचारा. मग विचारा, तुम्ही काय पाहिले नाही? उत्तर देणाऱ्याला राग आला तरी विचारा, गाडी सुटत असली तरी विचारा. आणि जिथे आपले माणूस डोके टेकणार आहे, तिथले कपाट आधी हलवून घ्या.